डाव्या कानाच्या वर

किन्हवलीच्या सावळाराम विशेंना मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. ऐकायला ही काही फार मोठी अडचण वाटत नाही. पण जगात बघण्यासारखं जे काही असतं ते नेमकं मध्येच ठेवलेलं असतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. ताटाच्या कडेचं मीठ, लोणचं, लिंबाची फोड स्वच्छ दिसायची, भाकरी मात्र गायब. टीव्हीच्या कोपऱ्यातला धावफलक दिसायचा आणि खेळणारा नाहीसा व्हायचा. समोरून माणूस आला की त्याचे खांदे, हातातली पिशवी, पायातल्या चपला सगळं जागेवर असायचं आणि जिथे तोंड हवं तिथे बोटानं पुसल्यासारखा धुरकट डाग असायचा. त्यामुळे आप्पा (गाव त्यांना आप्पाच म्हणतं) हल्ली माणसं चपलांवरून आणि खोकल्यावरून ओळखत. देवळात पंचाईत व्हायची, कारण तिथे चपला बाहेर काढलेल्या असतात आणि गाभाऱ्यासमोर कोणी मुद्दाम खोकत नाही.

त्यात दुखणं असं की आप्पांचा सगळा जन्म वाचण्यात गेला होता. पुस्तकं नाही, विजेचे मीटर. काळोख्या पडवीत, कोळिष्टकांच्या मागे, वाशाला टेकून लटकलेल्या मीटरवरचा आकडा आप्पा खाली उभे राहून, बॅटरी न लावता वाचत. एकदा त्यांनी आकडा पुकारला की घरमालकानं कितीही हातवारे केले तरी तो बदलत नसे. ‘विश्यांचा डोळा चुकायचा नाय’ असं लोक म्हणत, आणि आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. अशा माणसाचे डोळे गेले हे उद्या कळलं, तर ज्यांनी ज्यांनी कुरकुरत बिलं भरली ते सगळे जुनी बिलं घेऊन दारात उभे राहतील, अशी त्यांना खरोखरच धास्ती होती. पेन्शनीतल्या माणसाला धास्तीला वेळ भरपूर असतो.

पण खरी धास्ती वेगळीच होती. त्यांची एकुलती एक मुलगी निशिगंधा शहापूरला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि तिला म्हशाहून स्थळ आलं होतं. मुलगा स्वरूप देसले, मुरबाडला एका कारखान्यात कामाला, बोलण्यात सरळ. फोनवर दोघांचं जमलं होतं, पत्रिका जमली होती, आता फक्त त्याच्या आईवडिलांनी रीतसर येऊन मुलगी बघायची बाकी होती. मागच्याच वर्षी गावातलं एक चांगलं स्थळ मुलीच्या आत्याच्या अंगावरच्या पांढऱ्या डागावरून परत गेलं होतं. आत्या तर दूर राहत होती. इथे मुलीचा बाप दारात उभा राहून पाहुण्यांना सोडून खांबाला नमस्कार करणार, मग काय सांगायचं?

निशिगंधा त्यांना शहापूरला रंजिता मॅडमकडे घेऊन गेली. या मॅडम डोळ्यांचा नंबर काढत नाहीत, उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवतात. आप्पांना हे जरा अपमानाचं वाटलं. साठ वर्षं बघितलं, आता बघायला शिकायचं म्हणजे काय? मॅडमनी तपासून सांगितलं की डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो परत येणार नाही, कडेचा मात्र शाबूत आहे, तेव्हा कडेचा कामाला लावायचा. मग त्यांनी आप्पांना समोर बसवून वर, खाली, इकडे, तिकडे बघायला लावलं आणि शेवटी नेमकी जागा काढून दिली.

“समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघू नका, काका. त्याच्या डाव्या कानाच्या वर बघा. तोंड आपोआप दिसेल.”

आप्पांनी मॅडमच्या डाव्या कानाच्या वर बघितलं. इतका वेळ आवाजावरून ज्या बाईंना त्यांनी पन्नाशीच्या ठरवल्या होत्या, त्या हनुवटीवर पुटकुळी आलेली चांगली तिशीच्या आतली पोर निघाल्या. मग त्यांनी बाजूला बसलेल्या निशिगंधाच्या डाव्या कानाच्या वर बघितलं. पोरीचं तोंड त्यांना किती महिन्यांनी दिसलं कोण जाणे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मॅडमसमोर रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते रागावून म्हणाले की दुकानात जेवायला सुट्टी देतात की नाही. बाकीच्या सूचना निशिगंधानं ऐकून घेतल्या. उजेड पाठीमागून घ्यायचा, तांदळाची भाकरी स्टीलच्या ताटात न वाढता काळ्या ताटलीत वाढायची, पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारायचा.

परत येताना निशिगंधा म्हणाली की मी स्वरूपला सगळं सांगून टाकते. आप्पांनी जीपमध्येच तिचा हात धरला आणि लग्न ठरेपर्यंत कोणाला एक अक्षर सांगणार नाहीस असं कबूल करून घेतलं. ती म्हणाली की ठीक आहे, मी सांगणार नाही. आप्पा निश्चिंत झाले. पोरीच्या बोलण्यातला नेमका शब्द लक्षात ठेवायची सवय त्यांना असती तर ते झाले नसते.

आता कानाच्या वर बघण्यात एक अडचण होती, जी दवाखान्यात बसून कळण्यासारखी नव्हती. ज्याच्या कानाच्या वर बघावं त्या माणसाला आपण त्याच्याकडे बघतोय असं वाटतच नाही. आप्पा बोलायला लागले की समोरचा मागे वळून बघे, कोण आलंय म्हणून. शेजारचा पंढरी निमसे दोनदा वळला, मग त्यानं कान चाचपला, आणि शेवटी जाऊन कानातला मळ काढून आला. आता किती स्वच्छ ऐकायला येतं म्हणून तो आप्पांचे आभार मानायला लागला, आणि आप्पांना ते घ्यावे लागले.

पण सगळेच पंढरीसारखे भोळे नसतात. सुकी मासळी घेऊन दारावर येणाऱ्या लहानीनं नुकत्याच नव्या कुड्या केल्या होत्या. आप्पांनी बोंबलाचा भाव विचारताना तिचं तोंड नीट बघायचं म्हणून तिच्या डाव्या कानाच्या वर नजर लावली आणि बराच वेळ लावून ठेवली, कारण सराव करा असं मॅडमनी बजावलं होतं. लहानीनं पदर कानावर ओढला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं टोपली पुढच्या दारी न उतरवता मागच्या दारी उतरवली आणि ताराबाईंना जवळ घेऊन हळूच सांगितलं.

“वयनी, बोलू नये, पन आप्पांची नजर वाकडी झालीय.”

ताराबाईंची अवस्था काय झाली असेल ते बायकांनाच कळेल. लहानी बोलली ते अक्षरशः खरं होतं आणि तरी साफ खोटं होतं. नवऱ्याची नजर वाईट नाही, कमी आहे, असं सांगावं तर दुपारपर्यंत ते टोपलीतून आठ गावं फिरून म्हशाला पोचलं असतं. गप्प बसावं तर नजर वाईट आहे असं आपणच कबूल केल्यासारखं. त्या एवढंच म्हणाल्या की उन्हाचा त्रास होतो त्यांना. लहानीनं मान डोलावली, पण ती समजूत घालण्याची होती.

रात्रीची भाजी निवडताना नवराबायकोनं यावर पुष्कळ खल केला. पाहुण्यांच्या कानावर काय गेलेलं बरं, मुलीचा बाप आंधळा होतोय हे, की मुलीचा बाप म्हातारपणी चळलाय हे? ताराबाईंचं म्हणणं, दुसरं परवडलं, कारण ते रक्तात उतरत नाही. आप्पा म्हणाले की तुझ्या माहेरच्या मंडळींकडे बघून तसं वाटत नाही. त्यावर भाजी अर्धी निवडून राहिली. शेवटी ठरलं ते असं की घराबाहेर आप्पांनी कोणाच्याही कानाकडे बघायचं नाही. सरळ तोंडाकडे बघायचं. दिसलं नाही तरी चालेल, अब्रू दिसली पाहिजे.

राहिल्या पायऱ्या. ओट्यावरून उतरताना आप्पांचा तोल दोनदा गेला होता, आणि पाहुण्यांसमोर तिसऱ्यांदा जाऊन चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी रंगाचा डबा आणून स्वतःच्या हातानं पायऱ्यांच्या कडेला पिवळाधमक पट्टा मारला. कडेनं बघितलं की तो असा काही उठून दिसायचा की आप्पा कामाशिवाय चढउतार करायला लागले. ओट्यावर बसलेल्या पंढरीनं विचारलं की ही कसली निशाणी. आप्पांना खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं सुचलं नाही. ते म्हणाले, “असंच.”

इथे गडबड झाली. मोठा हमरस्ता झाल्यापासून शहापूर तालुक्यात घराला लावलेल्या रंगाला ‘असंच’ म्हणून कोणी सोडून देत नाही. आधी मोजणीचे टोपीवाले येऊन दगडाला, झाडाला, जोत्याला रंग लावून जातात, मग काही वर्षांनी यंत्रं येतात, आणि त्यानंतर ज्याच्या दारात रंग होता त्याच्या दारात मोबदल्याच्या पैशातली चारचाकी दिसते. आणि पंढरीच्या हिशेबानं, ज्याला आतली बातमी असते तोच ‘असंच’ म्हणतो. त्यात आप्पा वीज खात्यातले, म्हणजे सरकारात ऊठबस असलेले. संध्याकाळी आळी ओट्यावर जमली. नवी फरशी घातलेला कोंडू रडकुंडीला आला होता की रस्ता माझ्या फरशीवरून नेऊ नका, आणि बाकीचे विचारत होते की आमच्यावरून का नाही. आप्पा शपथेवर सांगत होते की रस्ता बिस्ता काही नाही. ते जितकं ठासून सांगत तितका लोकांचा विश्वास बसत जाई.

पंढरी मात्र मनातून दुखावला होता. जोत्याला जोतं लागून घर, दोन्ही घरं एकाच गवंड्यानं एकाच मापानं बांधलेली, आणि पट्टा फक्त आप्पांना? पहाटे उठून त्यानं आपल्या पायऱ्यांना तसाच पिवळा पट्टा मारला. त्याचं बघून समोरच्यानं मारला. पाहुणे यायच्या आत सगळी आळी पिवळी झाली, एकटा कोंडू सोडून, आणि कोंडूनं आपल्या पायऱ्यांवर शेण सारवून वर गोवऱ्या रचल्या.

मग ग्रामपंचायतीतून दिपेश आला. हा पोरगा तिथे कारकून होता आणि आवाज न चढवता माणसाला घाम फोडायचा. त्यानं विचारलं की आळीत सीमांकन कोणाच्या आदेशानं चाललंय. सगळ्यांनी आप्पांच्या ओट्याकडे बोट दाखवलं. दिपेश म्हणाला की आप्पा, तुम्ही तालुक्याला जाऊन इथे कुठलाही रस्ता होत नाही असं लिहून आणा, म्हणजे लोक गप्प बसतील. आप्पा मुकाट्यानं शहापूरला गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की रस्ता होत असेल तर तो होतोय असा कागद देता येतो, होत नसेल तर फाइलच नसते, आणि फाइल नाही तर कागद कशावरून देणार? तुम्ही आधी रस्त्यासाठी अर्ज करा, आम्ही तो नामंजूर करू, त्याची नक्कल तुम्हाला मिळेल. आप्पांना हे पटलं यावरून त्यांची मनःस्थिती लक्षात यावी. त्यांनी अर्जावर सही केली. साहेबांनी जरा वेळानं सांगितलं की काका, सही टेबलाच्या काचेवर झालीय. आप्पा म्हणाले की चष्मा विसरलो, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात घातला.

तो अर्ज तसाच टाकून ते परत आले. पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार होते. आप्पांना जेवण गेलं नाही. अंथरुणावर पडून ते एकच गोष्ट घोकत होते. सरळ बघायचं, पायरीवर पट्टा आहे, बोलायचं कमी. आपल्या दोन डोळ्यांपायी पोरीचा संसार उभा राहायच्या आधीच मोडला तर तिच्या डाव्या कानाच्याच काय, कुठल्याही कानाच्या वर बघायला आपल्याला तोंड राहणार नाही, या विचारानं ते पुन्हा पुन्हा उठून बसत होते.

सकाळी म्हशाहून जीप आली ती आळीच्या मागच्या बाजूनं, कारण पुढच्या तोंडाशी कोणाच्या तरी बांधकामाची रेती पडली होती. आप्पा सामोरे गेले. देसल्यांचे तीन धुरकट डाग जीपमधून उतरले. एकाच्या पायात करकर वाजणारे बूट होते, ते स्वरूपचे वडील भगीरथ. एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, ती आई, प्रेमा. उरलेला उंच डाग स्वरूप. आप्पांनी सरळ तोंडाकडे बघत, म्हणजे कुठेच न बघत, हात जोडले आणि पुढे होऊन छाती काढून चालायला लागले. कडेनं त्यांना पिवळा पट्टा दिसला. त्यांचा जीव भांड्यात पडला. पट्ट्यावर बरोबर पाय ठेवत ते एकदाही न अडखळता ओट्यावर चढले आणि पाहुण्यांना पडवीत घेऊन गेले.

झालं असं होतं की पिवळा पट्टा पाहुण्यांना ओंगळ दिसेल म्हणून ताराबाईंनी सकाळीच आपल्या पायऱ्यांवर नवी सतरंजी अंथरली होती. रोज एका बाजूनं येणारे आप्पा आज दुसऱ्या बाजूनं येत होते, आणि त्या बाजूनं आळीतलं पहिलं घर, म्हणून पहिला पट्टाही, पंढरीचा होता.

पंढरी कमरेला पंचा लावून डोक्याला तेल चोळत बसला होता. त्याची बायको सोमी समोर वालाच्या शेंगा सोलत होती. आप्पा पाहुण्यांना म्हणाले की बसा, आपलंच घर आहे, एकेक वीट समोर उभं राहून बांधून घेतलीय. एवढं बोलून ते खुर्चीत बसले, म्हणजे जिथे त्यांची खुर्ची असायची तिथे बसले, आणि तिथे सोमीचं शेंगांचं सूप होतं. तेवढ्यानंही त्यांना शंका आली नाही. घाबरलेल्या माणसाला शंका येत नाही. ते तसेच सुपात बसून आत ओरडले की अगो, पाव्हण्यांना पाणी आण. सोमी उठली आणि एक शब्द न बोलता पाणी घेऊन आली. तांब्या ठेवताना ती खोकली, आणि तो खोकला ऐकल्याबरोबर आप्पांनी बुडाखाली हात चाचपला आणि मुठीत शेंगा आल्या. तीस वर्षांचा शेजार होता. बायकोचा खोकला कुठला आणि सोमीचा कुठला हे त्यांना झोपेतही कळलं असतं.

शेजारच्या ओट्यावरून ताराबाई हे सगळं बघत होत्या. भगीरथरावांनी पाण्याचा तांब्या हातात धरून भिंतीवरचा फोटो बघितला. फोटोखाली मोठ्या अक्षरात निमसे परिवार लिहिलं होतं. त्यांनी आप्पांकडे बघितलं, पंच्यातल्या पंढरीकडे बघितलं आणि विचारलं की घर नक्की कोणाचं हाय. आता सगळं संपलं असं आप्पांना वाटलं.

पंढरीला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. पण दारात आलेल्या पाहुण्यासमोर शेजाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही एवढं त्याला कळत होतं. तेलकट हात पंच्याला पुसत तो म्हणाला, “आमच्या आळीची रीतच हाय तशी. सोयरीक जमवायला आलेला पाव्हना आधी शेजाऱ्याच्या घरात पानी पितो, मंग यजमानाच्या. शेजारी कसा हाय ते कळला की घर कळतं.”

अशी कुठलीही रीत किन्हवलीत नव्हती, नाही आणि त्या क्षणापर्यंत होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण भगीरथरावांनी मान डोलावली आणि म्हशाकडेही पूर्वी असंच होतं, आता कोणी पाळत नाही, असं सांगून उसासा सोडला. सगळे उठले. आप्पांच्या धोतराला मागे वालाच्या शेंगा चिकटल्या होत्या त्या स्वरूपनं जाता जाता हळूच झटकून काढल्या. पंढरीही सदरा घालून पाठोपाठ आला आणि ओट्यावर टेकला, कारण आता रीतच ती होती.

आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसल्यावर आप्पांना जरा धीर आला. एकदा सुटलोय, आता सरळ बघत राहायचं. ते भगीरथरावांच्या तोंडाच्या जागी असलेल्या डागाकडे बघत हं हं करत होते. तेवढ्यात प्रेमाबाईंनी पेढ्यांचा पुडा उघडून त्यांच्या अगदी तोंडासमोर धरला. पुडा बरोबर मध्ये आला आणि नाहीसा झाला. प्रेमाबाई धरून राहिल्या. आप्पा हं हं करत राहिले. ताराबाई आतून खाकरल्या. काहीतरी चुकतंय हे आप्पांना कळलं, आणि गडबडीत सगळे ठराव विसरून त्यांनी काय चाललंय ते नीट दिसावं म्हणून प्रेमाबाईंच्या डाव्या कानाच्या वर नजर लावली.

प्रेमाबाईंचा हात कानाकडे गेला. कुडी जागेवर होती. त्यांनी मागे बघितलं. मागे भिंत होती. आप्पा बघतच होते. भगीरथरावांचे घरातही न काढलेले बूट एकदा करकरले आणि त्यांनी घसा साफ केला, तो काही सर्दीचा नव्हता. ताराबाई धावत बाहेर आल्या आणि सांगायला लागल्या की यांची मान धरलीय कालपासून, वळत नाही.

निशिगंधा पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, पाहुण्यांना नमस्कार केला आणि सरळ आप्पांच्या खुर्चीपाशी गेली. खुर्ची धरून तिनं ती वळवली, अशी की खिडकी आप्पांच्या पाठीशी आली. मग ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

“बाबा, मी कशी दिसते ते सांगा.”

आप्पा डागाकडे बघून म्हणाले की छान दिसतेस.

“असं नाही. माझ्या डाव्या कानाच्या वर बघा आणि सांगा.”

आप्पांना पोरीचा राग आला, मग कीव आली, मग काहीच करायची ताकद राहिली नाही. जे लपवायला इतके दिवस जीव काढला ते तिनं चव्हाट्यावर आणून ठेवलं होतं, आणि तिनं सांगितलं तर काहीच नव्हतं. त्यांनी हळूहळू मान तिरकी केली आणि तिच्या डाव्या कानाच्या वर बघितलं. पाठीमागून उजेड येत होता. डाग सरकला. भुवया दिसल्या, नाक दिसलं, ओठ घट्ट मिटलेले दिसले. पोर घाबरलेली होती. आप्पांनी बघितलं, आणि मीटरचा आकडा पुकारायच्या जुन्या आवाजात ते म्हणाले, “टिकली मधोमध नाय गो. उजव्या भुवईकडं सरकलीय.”

सगळ्यांनी बघितलं. खरंच सरकली होती. ताराबाईंनी तिची वेणी घातली होती, पदर लावला होता, त्यांना दिसली नव्हती. जे मुलगी बघायला मुद्दाम एवढ्या लांबून आले होते त्यांनाही दिसली नव्हती. ती तिनं आत मुद्दाम सरकवली होती आणि बाबांना दिसणारच याची आपल्याला खात्री होती, हे तिनं पुढे कधीतरी सांगितलं.

दाखवून झाल्यावर न सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, मग तिनं पाहुण्यांना सगळं सांगितलं, कान, पट्टा, काळी ताटली, सगळं. ओट्यावरून पंढरीचा क्षीण आवाज आला की म्हंजे मोबदला नाय? भगीरथरावांनी जमिनीकडे बघत विचारलं की हे रक्तात असतं काय.

“असू शकतं,” निशिगंधा म्हणाली. “मी दरवर्षी तपासून घेते. उद्या काही निघालं तर तेही आधी सांगेन.”

आप्पांनी डोळे मिटले. आता स्थळ उठणार, हे बूट आता करकरत बाहेर जाणार, आणि हे सगळं आपल्यामुळे. बूट वाजले नाहीत. उठल्या त्या प्रेमाबाई. त्यांनी निशिगंधाची हनुवटी धरून टिकली काढली, मधोमध लावली, अंगठ्यानं दाबली, आणि आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमाला एवढी वर्षं शुगर हाय, ती सांगितली काय कोनाला? गाडीत मला बजावलात, तिथं तोंड उघडू नको म्हनून.”

भगीरथरावांच्या तोंडात तेव्हा दुसरा पेढा होता. तो त्यांना गिळता येईना की काढता येईना. स्वरूप खिडकीबाहेर बघून हसू दाबत होता. त्यानंतर पोहे झाले, चहा झाला, दोघी बायका आत जाऊन बोलायला लागल्या, पण भगीरथराव हो की नाही काहीच बोलले नाहीत. चहाही त्यांनी बिनसाखरेचा मागून घेतला आणि तोंड पाडून प्यायला. आप्पांचा जीव टांगणीला लागला तो तसाच राहिला.

निघताना सगळे ओट्यावर आले. सतरंजी आता निशिगंधानं गुंडाळून बाजूला टाकली होती आणि पायऱ्यांवरचा पिवळा पट्टा उन्हात उघडा पडला होता. भगीरथराव त्या पट्ट्यापाशी थांबले. त्यांनी बुटाच्या टोकानं तो खरवडून बघितला, वाकून बोट फिरवलं आणि वर न बघता विचारलं, “आप्पा, हा रंग कुठल्या दुकानातला? साखरपुडा आमच्याकडं करायचा, तर आमच्या पायऱ्यांनापन मारून ठेवायला लागंल.”

आप्पांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी ओट्याचा खांब धरला, आणि सगळ्या आळीसमोर, कोणाची भीड न धरता, भगीरथरावांच्या डाव्या कानाच्या वर बघितलं. रापलेलं, घामेजलेलं, जरासं ओशाळलेलं एक तोंड त्यांना स्पष्ट दिसलं. मिशीला एका बाजूनं कलप लावायचा राहिला होता. पण ते त्यांनी सांगितलं नाही, दुकानाचं नाव सांगितलं.